सुताराच्या घरातला रसायनशास्त्रज्ञ: बडोद्याचं कलाभवन उभं करणारे प्रा. गज्जर

बडोद्यात राजमहाल रोडवरून जाणाऱ्या कुणालाही कलाभवन कुठे म्हणून विचारा, तो हात दाखवून सांगेल. दांडिया बाजारात राहणाऱ्या मराठी घरांतून तर आजोबा, काका, मामा कुणी ना कुणी कलाभवनात शिकलेला निघतोच. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. सयाजीरावांनी ही संस्था काढली हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण महाराजांच्या शेजारी ज्याचं नाव घ्यायला हवं, तो माणूस आपल्या मराठी लिखाणात बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. दादासाहेब फाळक्यांचं चरित्र वाचताना प्राचार्य गज्जर असा उल्लेख येतो आणि आपण पुढे जातो.

ते प्राचार्य म्हणजे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गुजराती माणूस, मराठी राजाचा नोकर, आणि या देशातल्या रासायनिक उद्योगाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. कारागिराच्या पोराला नवं शास्त्र द्यायचं आणि तेही त्याच्याच भाषेत, हे एकच वेड त्यांनी आयुष्यभर बाळगलं. ते वेड किती खरं ठरलं आणि कुठे फसलं, हे राज्याच्या सीमेपलीकडे राहून आपली भाषा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरूर पाहावं.

गज आणि पुस्तक

गज्जरांचा जन्म १८६३ सालचा, सुरतेचा. योगायोग असा की नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले गोपाळराव, म्हणजेच पुढचे सयाजीराव, यांचंही जन्मसाल तेच. एक सुताराच्या जातीतला, दुसरा शेतकऱ्याच्या घरचा. पुढे दोघांची गाठ पडायची होती.

गज्जर हे आडनाव गजधर या शब्दावरून आलं असं सांगतात. गजधर म्हणजे हातात गज घेऊन माप धरणारा, इमारत आखणारा. वडील कल्याणदास बांधकामाच्या धंद्यातले जाणते, पण नुसते हातावर पोट असणारे नव्हेत. शिल्पशास्त्रावर त्यांनी लिखाण केलेलं होतं. म्हणजे घरात रंधा होता आणि पोथीही होती. आपल्याकडे या दोन गोष्टी सहसा एका घरात नांदत नाहीत. ज्याच्या हातात हत्यार असतं त्याच्या हातात पुस्तक नसतं, आणि ज्याच्या हातात पुस्तक असतं तो हत्याराला हात लावत नाही. गज्जरांनी लहानपणीच दोन्ही एकत्र पाहिलं. पुढे त्यांनी जी शाळा काढली तिचं बी इथलं.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात ते शास्त्र शिकले आणि उत्तम गुणांनी पदवीधर झाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात नावही घातलं. डॉक्टर झाले असते तर आयुष्य सुखाचं गेलं असतं. पण १८८६ च्या सुमारास बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची जागा चालून आली आणि त्यांनी ती घेतली. वय तेवीसच्या आसपास.

रंगाऱ्याच्या भट्टीत काय बिघडलं होतं

गज्जरांना रसायनशास्त्रात नेमकं काय दिसलं, हे समजायचं तर त्या काळच्या रंगाऱ्याच्या भट्टीपाशी जावं लागतं.

सुरत, अहमदाबाद, बडोदा हा सगळा पट्टा कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या लोकांचा. यातल्या भावसार समाजाची घरं तर गुजरातपासून महाराष्ट्रातून थेट कर्नाटकापर्यंत पसरलेली. पिढ्यान् पिढ्या यांचा लाल रंग मुळ्यांतून यायचा, निळा नीळीच्या झाडातून. सुती कापडावर हा लाल रंग नुसता चढत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचं, मग तुरटी लावायची, मगच रंगाच्या पाण्यात उकळायचं. तुरटी लावली त्या जागी लाल उठतो, लोखंडाचं पाणी लावलं तिथे काळपट जांभळा. हे सगळं रंगाऱ्याला पाठ होतं. का होतं, ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

गरज पडली ती जर्मनीमुळे. मंजिष्ठेच्या मुळीत जो लाल द्रव्याचा अंश असतो, तो डांबरापासून कारखान्यात बनवण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८-६९ मध्ये काढली. काही वर्षांतच मुळीची शेती बसली. निळीवरही तीच पाळी येणार हे जाणत्यांना दिसत होतं, आणि १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आलीच. स्वस्त, ठरावीक ताकदीचे, डब्यात भरलेले रंग गावोगाव पोचू लागले. आपल्या रंगाऱ्याने ते विकत घेतले, जुन्या अंदाजाने वापरले आणि बरेचदा कापड बिघडवलं. दोष हाताचा नव्हता. डब्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डब्यावरची भाषा त्याची नव्हती.

गज्जरांचं म्हणणं इथून सुरू होतं. नव्या रंगांना शिव्या घालून जुना धंदा परत येणार नाही. ज्यांनी हे रंग काढले त्यांचं शास्त्र आपल्या कारागिराच्या हाती द्यायला हवं. जर्मनीत उद्योग वाढला तो तिथल्या तंत्रशाळांच्या जोरावर, हे त्यांनी नीट वाचलं होतं. आणि जर्मन कारागीर शिकतो तो जर्मनमधून, इंग्रजीतून नाही, हेही.

महाराजांशी गाठ

सयाजीराव १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक आले आणि १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला. स्वतः उशिरा अक्षर शिकलेला हा राजा शिक्षणाच्या बाबतीत फार अधीर होता. त्याने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. पण लिहायला-वाचायला शिकून सगळी पोरं कारकुनीच्या मागे लागली तर राज्याचं भलं कसं व्हायचं, हाही प्रश्न त्याला छळत होता.

गज्जरांनी महाराजांपुढे मोठा आराखडा मांडला. आधी शास्त्राचे शब्द आपल्या भाषेत घडवायचे. मग त्या शब्दांत पुस्तकं लिहायची. मग ती पुस्तकं शिकवणारी शाळा काढायची आणि शाळेतून बाहेर पडलेल्यांनी कारखाने उभारायचे. एकावर एक चार पायऱ्या. महाराजांनी पहिल्या पायरीलाच हात सैल सोडला आणि देशी भाषांतून शास्त्रीय पुस्तकं तयार करण्यासाठी ५०,००० रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. त्यातून सयाजी ज्ञानमंजूषा ही पुस्तकमाला निघाली. पारिभाषिक शब्दांच्या कोशाचं कामही गज्जरांनी हाती घेतलं.

शब्द घडवणं म्हणजे काय काम असतं, हे ज्याने एकदा केलंय त्यालाच कळतं. पंडिताला विचारावं तर तो संस्कृतातून असा शब्द काढून देतो की कारागिराची जीभ वळत नाही. कारागिराला विचारावं तर सुरतेत एक शब्द, पाटणला दुसरा. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा तर पुढचं सगळंच इंग्रजीत ओढलं जातं. या तिढ्यातून एक एक शब्द ठरवत जायचं. या कामात टाळ्या मिळत नाहीत.

१८९०: शाळा सुरू

जून १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं आणि गज्जर पहिले प्राचार्य झाले. नावात कला असली तरी ही नुसती चित्रशाळा नव्हती. कला म्हणजे हुन्नर, हातचं कसब, या जुन्या अर्थाने ते नाव होतं. रंगकाम आणि कापडावरची छपाई, यंत्रकाम, सुतारकाम, विणकाम, चित्रकला, असे वर्ग होते. आजच्या हिशेबाने सांगायचं तर टेक्निकल हायस्कूल आणि पॉलिटेक्निक यांच्या मधलं काहीतरी.

शिकवणं देशी भाषेतून. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही, हे शाळेचं मोठं वेगळेपण. वर्गात फळा आणि बाजूला भट्टी. तुरटी कशाला, याचं उत्तर रसायनाच्या तासाला मिळायचं आणि लगेच शेजारच्या हौदात ते करून पाहायचं. बाहेरच्या रंगाऱ्यांपर्यंत हे ज्ञान पोचावं म्हणून रंगरहस्य नावाचं त्रैमासिकही निघालं. नुसत्या रंगकामाला वाहिलेलं देशी भाषेतलं नियतकालिक, आणि तेही एकोणिसाव्या शतकात!

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं ते पाहिलं की फरक ध्यानात येतो. तिथे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली होती. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे शिकवायला होते. गुणी माणूस, पण बढतीच्या वेळी डावलला गेला. त्याने नोकरी सोडली, बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, तिथूनच कारखानदारी सुरू झाली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मुंबईची संस्था मोठी होती, तिचं पुढचं कार्यही मोठं आहे. पण परक्या सरकारच्या सावलीत देशी माणसाला वर जायला जागा कमी होती. बडोद्यात निदान राजा आपला होता आणि प्राचार्यही.

फाळके नावाचा विद्यार्थी

कलाभवनच्या पहिल्या-पहिल्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून तो बडोद्याला आला आणि इथे चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असं सगळंच शिकू लागला. कॅमेरा हाती आल्यावर त्याला दुसरं काही सुचेना.

गज्जर रसायनशास्त्राचे. फोटो म्हणजे शेवटी चांदीच्या क्षारांचा आणि उजेडाचा खेळ, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी पोराची ओढ ओळखली. १८९१ मध्ये त्याला रतलामला बाबूलाल वरुवळकर यांच्याकडे धाडलं. तीन रंगांचे ठसे कसे करायचे, अंधाऱ्या खोलीतली छपाई कशी करायची, हे सगळं फाळके तिथे शिकून आले. परतल्यावर कलाभवनचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा गज्जरांनी त्यांना वापरायला दिली. पुढे १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला. चित्रपटाचं श्रेय फाळक्यांचंच, त्यात वाटेकरी नको. पण फिल्म स्वतः धुणारा, छापणारा, कॅमेऱ्याची तांत्रिक बाजू जाणणारा चित्रकार एकाएकी तयार होत नाही. एका शाळेने त्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दिल्या होत्या.

बडोदा सुटलं

चार पायऱ्यांपैकी तीन झाल्या. चौथी, म्हणजे कारखाने, ती अवघड निघाली. संस्थानाच्या खजिन्यातून शाळा चालते, पण शिकून बाहेर पडलेल्या पोराला भांडवल कोण देणार? ज्याच्याकडे पैसा तो सावकारीत आणि व्यापारात गुंतलेला. त्यामुळे शिकलेली पोरं स्वतःचा कारखाना काढण्यापेक्षा कुठेतरी नोकरी धरू लागली.

दुसरं असं की गज्जरांना मोठी झेप हवी होती आणि दरबारातल्या अधिकाऱ्यांना जमाखर्च दिसत होता. दोघांचंही आपापल्या जागी चुकत नसेल. पण अशा ओढाताणीत आधी थकतो तो झेप घेणारा. महाराजांचा लोभ असूनही १८९६ मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईला गेले. शाळा सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती.

डागाळलेला पुतळा

मुंबईत ते विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी शहरात एक खळबळजनक प्रकार घडला. राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. हे काम चापेकर बंधूंचं, हे पुढे उघड झालं. गंमत अशी की हा पुतळा मुंबईला भेट दिला होता तो बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी, आणि १८७२ मध्ये त्याचं अनावरण झालं होतं.

डांबर संगमरवरात मुरलं होतं. घासावं तर दगड झिजतो, तीव्र आम्ल लावावं तर दगड खाल्ला जातो. तज्ज्ञांनी हात टेकल्यावर हे काम गज्जरांकडे आलं आणि १८९८ च्या सुमारास त्यांनी पुतळा पुन्हा पांढरा केला. त्यांचं नाव देशाबाहेरही गेलं ते यामुळे. आज आपल्याला हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं. ज्या दामोदर चापेकरांना त्याच वर्षी फाशी झाली, त्यांनी लावलेला डाग आपल्याच माणसाने पुसला! पण गज्जरांकडे राजनिष्ठ म्हणून बोट दाखवणं सोपं आहे. परदेशी तज्ज्ञाला जे जमलं नाही ते देशी रसायनशास्त्रज्ञाने करून दाखवावं, हाही त्या काळचा एक झगडाच होता. दोघांचे रस्ते वेगळे होते, एवढंच.

पिवळे पडलेले मोती पुन्हा पांढरे करण्याची रीतही त्यांनी शोधली. मुंबईच्या मोतीबाजारात तिला मोल आलं आणि गज्जरांच्या हाती पैसा आला. तो त्यांनी साठवला नाही. शतक बदलण्याच्या सुमारास गिरगावात त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. सरकारी मदतीशिवाय, एका माणसाच्या कमाईवर उभी राहिलेली ही प्रयोगशाळा. रसायनशास्त्रात पुढचं शिक्षण घेऊ पाहणारी मुलं तिथे येऊन काम शिकायची.

आणि इथेच ती राहून गेलेली चौथी पायरी बांधली गेली. गज्जरांच्या शिष्यांपैकी कोटिभास्कर हे मराठी आणि भाईलाल दाजीभाई अमीन हे गुजराती, अशा दोघांनी गुरूच्या साथीने औषधांचे अर्क आणि रसायनं बनवायला सुरुवात केली. त्यातून १९०७ मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्स उभी राहिली आणि तिचा कारखाना बडोद्यात आला. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचं जुनं पात्र. बडोदा सोडलेल्या गज्जरांचं काम कारखाना होऊन बडोद्यात परतलं. शेजारच्या वर्षी, १९०८ मध्ये, महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. भांडवल कोण देणार, या जुन्या प्रश्नावर राज्याने शोधलेलं ते उत्तर होतं.

शेवट

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि जर्मन रंग यायचे बंद झाले. बाजारात रंगांचे भाव कडाडले, गिरण्या अडल्या. शास्त्र आपल्या हाती नसेल तर काय होतं, हे गज्जर पंचवीस वर्षांपूर्वीच सांगत होते. ते खरं ठरलेलं त्यांनी पाहिलं. १९२० च्या जुलैमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. महाराज त्यांच्यानंतर १९ वर्षं जगले.

शब्दांचं ते कामही बडोद्यात थांबलं नाही. १९३१ मध्ये संस्थानाने सयाजी शासन शब्दकल्पतरू काढला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची फॅकल्टी बनलं. गज्जरांच्या रंगाच्या वर्गाचा वारसा आज टेक्स्टाइल केमिस्ट्री विभागात पाहायला मिळतो.

हिशेब मांडायचा तर

आता उरलेलं खरं बोलायला हवं. कलाभवन काढलं ते कारागिरांसाठी. पण फाळके, कोटिभास्कर, अमीन ही जी नावं आपल्यापर्यंत पोचली, त्यांत एकही रंगारी नाही, सुतार नाही. नवं शिक्षण निघालं की ते आधी उचलतात ते शिक्षणाची सवय असलेले. ज्याची रोजची मजुरी बुडते, त्याचं पोर वर्गात कसं बसणार? स्वतः सुताराच्या घरातून आलेल्या गज्जरांना हा अडसर पूर्ण काढता आला नाही. त्यांच्यानंतर आलेल्यांनाही आजवर कुठे आलाय?

दुसरी गोष्ट भाषेची. ज्या शाळेने देशी भाषेतून रसायनशास्त्र शिकवलं, त्याच आवारात आज इंजिनिअरिंग इंग्रजीतून चालतं. यात कुणा एकाचा दोष नाही, नोकरीची बाजारपेठच तशी झाली. पण शास्त्राला आपली भाषा पेलत नाही, असं जेव्हा कुणी ठामपणे सांगतं, तेव्हा १८९० चं कलाभवन आठवावं. भाषेने पेललं होतं. हात काढून घेतला तो आपण.

बेळगाव असो, बडोदा, इंदूर की हैदराबाद, आपली मराठीची काळजी बहुतेक वेळा पाट्या, परिपत्रकं आणि संमेलनं इथपर्यंत येऊन थांबते. पाटी हवीच, तिच्यासाठी भांडायलाही हवं. पण गज्जरांनी भाषेचं जे काम केलं ते पाटीवर नव्हतं, भट्टीपाशी होतं. वेल्डिंगच्या दुकानात, लेथवर, रंगाच्या कारखान्यात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर काम शिकणाऱ्या आपल्या पोराला त्या कामामागचं शास्त्र मराठीतून सांगणारं पुस्तक आज कुठल्या गावात मिळतं? एका गुजराती प्राध्यापकाने मराठी राजाच्या पैशाने ते काम सुरू केलं होतं. ते पुढे न्यायला राज्याची हद्द आड येत नाही.